लेखणीची कमाई आणि 'घरबसल्या उत्पन्न'

हल्ली पालकसभा संपली, की एक प्रश्न हमखास विचारला जातो. "इंटरनेटवर लेख लिहून घरबसल्या पैसे मिळतात म्हणे, हे खरे का?" विचारणाऱ्यांत बारावीचे विद्यार्थी असतात, गृहिणी असतात, नुकतेच रिटायर झालेले आजोबाही असतात. जाहिराती सांगतात की एकदा लेख लिहून टाका, मग तुम्ही झोपलात तरी पैसे येतच राहतील. या प्रकाराला 'पॅसिव्ह इन्कम' असे भारदस्त नाव आहे. आपल्याकडे यासाठी जुनी म्हण आहे, 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी'.

लिहिण्याला माझा विरोध नाही. उलट आपल्या समाजातील अधिकाधिक लोकांनी लिहावे, असेच मला वाटते. परंतु लिहिण्यापूर्वी हिशोब नीट समजून घ्यावा.

एकदा केलेल्या लेखनाचे पैसे पुढे मिळत राहणे ही गोष्ट नवीन नाही. पुस्तकाची रॉयल्टी म्हणजे हेच. राजकवी भा. रा. तांबे आपल्या ग्वाल्हेरचे. त्यांचे निधन १९४१ साली येथेच झाले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे लेखकाचे हक्क मृत्यूनंतर ५० वर्षे राहत, म्हणजे तांब्यांच्या हयातीत छापलेल्या कवितांचे हक्क १९९१ अखेर संपणार होते. परंतु रवींद्रनाथ ठाकूरही १९४१ मध्येच गेले होते आणि त्यांच्या ग्रंथांचे हक्क संपू नयेत म्हणून सरकारने ही मुदत ६० वर्षांची केली. त्याचा लाभ आपल्या राजकवींच्या कवितांनाही आपोआप मिळाला, २००१ अखेरपर्यंत. कवी गेल्यावर साठ वर्षे त्याच्या शब्दांना कायदेशीर मोल राहिले. मात्र ते शब्द तांब्यांचे होते आणि त्यांच्यामागे आयुष्यभराची साधना होती, हे विसरून चालणार नाही.

आता इंटरनेटचे गणित पाहू. स्वतःच्या संकेतस्थळावर लेख टाकायचा, त्याच्या शेजारी गूगलच्या ॲडसेन्स योजनेतून जाहिराती दिसतात आणि त्या उत्पन्नाचा वाटा लेखकाला मिळतो. ही योजना २००३ साली सुरू झाली. हिंदी लेखांना ती डिसेंबर २०१४ मध्ये खुली झाली, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हाती येत नाहीत. आजच्या भावाने हे सुमारे नऊ हजार रुपये होतात. समजा, हजार वाचनांमागे ५० रुपये मिळाले, तर पहिला हप्ता मिळण्यासाठी लेख एक लाख ऐंशी हजार वेळा वाचले गेले पाहिजेत. नवख्या लेखकाचा लेख पहिल्या महिन्यात नातेवाईक आणि शेजारी धरून शंभर जण वाचतील. बाकीचा हिशोब आठवीचा विद्यार्थीही करू शकेल.

दुसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर बांधलेले घर आपले नसते. अमेरिकेत 'असोसिएटेड कंटेंट' नावाचे संकेतस्थळ होते. सामान्य माणसांनी तेथे लेख द्यावेत आणि वाचनानुसार पैसे घ्यावेत, अशी पद्धत होती. २०१० मध्ये याहूने ते विकत घेतले आणि २०१४ मध्ये बंद केले. 'झोपेत येणारे' पैसे मालकाच्या एका निर्णयाने थांबले. २०११ मध्ये गूगलने शोधाचे नियम बदलले, तेव्हा घाऊक लेख छापणाऱ्या अनेक संकेतस्थळांचे वाचक रातोरात घटले. आता तर शोधणाऱ्याला गूगलच वर तयार उत्तर देते, भारतात ही सोय ऑगस्ट २०२४ पासून आहे. 'मधुमेहावर दहा उपाय' असा लेख वाचायला मग कोण येणार? यंत्राकडून शेकडो लेख लिहवून घेऊन टाकण्याची युक्तीही चालणारी नाही, कारण मार्च २०२४ पासून गूगलने अशा घाऊक मालाविरुद्ध नियम कडक केले आहेत.

मग नवख्याने लिहावे तरी काय? जे यंत्राला ठाऊक नाही आणि तुम्हाला आहे, ते. विष्णुभट गोडसे १८५७ साली कोकणातील वरसईहून पैसा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, अशी आशा होती. प्रत्यक्षात ते बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशी पडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली, हाती आलेला पैसा लुटला गेला. ते काही लेखक नव्हते. तरी जे पाहिले ते त्यांनी लिहून ठेवले, आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला 'माझा प्रवास' आजही वाचला जातो. दक्षिणा गेली, पण लिहिलेले राहिले.

आपल्याजवळ असा ठेवा कमी आहे का? २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान दिला. ग्वाल्हेर घराण्याची गायकी ज्यांच्या घरात ऐकली गेली, अशी माणसे आपल्यात आहेत. लष्करातील जुने वाडे, महाराज बाड्यावरील बदललेला बाजार, आपल्या घरातील मराठीत मिसळलेली हिंदी आणि बुंदेली, आजीच्या हातचे पदार्थ, हे बाहेरच्या कोणालाही तसे लिहिता येणार नाही. शिवाय आपण दोन भाषांत वावरतो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि घर मराठी. अशा घरातील मुले तोच विषय दोन्ही भाषांत लिहू शकतात. हे आपले खरे भांडवल आहे.

चार गोष्टी मात्र पाळाव्यात. पहिली, काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, त्याच्या वाटेला जाऊ नये. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. दुसरी, ॲडसेन्सच्या खात्यासाठी वय १८ पूर्ण लागते. विद्यार्थ्यांनी खोटे वय लिहू नये. लहान असाल तर खाते पालकांच्या नावाने असावे. तिसरी, लेखाचा पहिला मालक लेखकच असतो. हक्क द्यायचे तर लेखी द्यावेत आणि मुदत लिहून घ्यावी. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. चौथी, दुसऱ्याचा मजकूर उचलू नये. आयत्या बिळावरचा नागोबा होऊन कोणी लेखक झालेला नाही.

पालकांना एकच विनंती. मुलगा लिहितो म्हटल्यावर "किती मिळाले?" हा पहिला प्रश्न नसावा, "काय लिहिलेस, दाखव" हा असावा. दोन वर्षे दर आठवड्याला एक लेख लिहिणाऱ्या मुलाचे खाते कदाचित रिकामेच राहील, परंतु त्याची भाषा, विचारांची मांडणी आणि वाचन पक्के झालेले असेल. त्यावर पुढे नोकरी मिळेल, भाषांतराचे काम मिळेल, कदाचित रॉयल्टीही मिळेल. लेखणीची कमाई आवर्त ठेवीसारखी असते. दरमहा भरावे लागते आणि मुदतीआधी मोडली तर हाती फारसे लागत नाही.

— प्राचार्य