यातयाम फिल्म

संस्कृतांत ‘यातयाम’ असा एक शब्द आहे. ज्याचा प्रहर उलटून गेला तें यातयाम. मग तें शिळें अन्न असो वा निरुपयोगी झालेली वस्तु. गेल्या चैत्रांत आमच्या नगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, घरीं माळ्यावरची पेटी उपसतांना अशीच एक वस्तु हातीं आली : ‘इंदु’ फिल्मचा न उघडलेला रोल. खोक्यावर मुदत छापलेली, १९८९. वहिनींचें चित्र काढण्यासाठीं दादांनीं तो आणिला होता. परंतु ते अकस्मात् गेले आणि रोल तसाच राहिला.

ही फिल्म उदकमंडलम् येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची. १९६० सालीं स्थापन झालेला तो कारखाना आतां बंद पडला आहे. नातवाचा हट्ट, ‘आजोबा, यावरच आजीचा फोटो काढूं.’ माझें मत, दादांची आठवण म्हणून रोल तसाच जपावा. निकाल वहिनींनींच दिला. ‘भाऊजी, ज्यासाठीं आणिला त्या कामीं लागूं दे. मी तरी किती दिवस पुरणार?’

फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरांत रुप्याच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. उजेड पडला कीं त्यांवर अदृश्य ठसा उमटतो व रसायनानें तो प्रकट होतो. परंतु वर्षें लोटलीं, त्यांतून नगरच्या उन्हाळ्यांत माळा तापत राहिला, कीं उजेड न लागलेले कणहि काळवंडूं लागतात, आणि फिल्मची प्रकाश टिपण्याची शक्ति मंदावते. म्हणून दर दहा वर्षांस प्रकाश दुप्पट द्यावा, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. तीन दशकांचे आठपट झाले! रंगीत फिल्मची गत याहून वाईट. तिचे तीन थर निरनिराळ्या वेगानें बिघडतात व रंगांचा मेळ सुटतो. उलट थंडी फिल्मला जपते. १८९७ सालीं बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या स्वीडनच्या आंद्रे याच्या तुकडीच्या फिल्म १९३० सालीं बर्फाळ बेटावर सांपडल्या, आणि ३३ वर्षांनींहि त्यांतून चित्रें निघालीं.

आमचा रोल बर्फांत नव्हता. नातवानें जुन्या याशिकानें तुळशीपाशीं वहिनींचीं बारा चित्रें घेतलीं. रोल धुतल्यावर तीनच बरीं निघालीं. उरलेल्यांवर करडें धुकें, आणि रोलच्या कागदी अस्तरावरचे आंकडे पदरावर उतरलेले! वहिनींनीं त्यांतलें एक बराच वेळ हातीं धरिलें. म्हणाल्या, ‘त्यांनीं काढलें असतें तर मी अशी पांढऱ्या केसांची दिसलें नसतें.’ आम्ही कोणीच कांहीं बोललों नाहीं. तें चित्र आतां दादांच्या तसबिरीखालीं आहे.

वाचकांस एवढेंच सांगणें कीं, लग्न-मुंजीसारखा प्रसंग अशा फिल्मवर सोंपवूं नये. आम्हींहि त्या सकाळीं आधीं मोबाइलवर चित्र काढून ठेविलें होतें. घरांत जुना रोल असेल तर हवाबंद डबींत घालून फ्रीजमध्यें ठेवावा. तो कांहीं वर्षें थांबेल. ज्यांचें चित्र काढावयाचें तीं माणसें थांबतीलच असें नाहीं.