बारशात दारू परत आणली कोणी?

अमरावतीहून भातकुलीकडे येताना नव्या लेआउटांना लागून एक क्लब आहे. तिथे परवा एका मुलीचं बारसं झालं. पाळणा हलला, आत्यानं नाव ठेवलं, बायांनी ओट्या भरल्या आणि लगेच पलीकडच्या हिरवळीवर कॉकटेल फिरू लागलं. मला ते सहन झालं नाही. सभ्य माणसानं अशा वेळी गप्प बसावं म्हणतात. मी बसणार नाही.

याच भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. पौषातल्या यात्रेत तिथे डेबूजी झिंगराजी जाणोरकर आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालत. त्यांचा बाप दारूपायी गेला. आईला लेकरू घेऊन दापुऱ्याला माहेरच्या आसऱ्याला जावं लागलं. त्या काळी बारसं म्हणजे मटण आणि दारू, नाही दिली तर भावकी तोंड फिरवायची. डेबूजींनी आपल्या मुलीच्या बारशाला दोन्ही दिलं नाही, गोडाचं जेवण वाढलं. लोक चिडले, ते हटले नाहीत. १९०५ साली त्यांनी घर सोडलं आणि पुढे महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणू लागला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसानं जी चाल मोडली, ती आम्ही पदवीधरांनी क्लबात नेऊन पुन्हा उभी केली.

वरून ऐकवतात, दारू दुय्यम आहे हो, खरी मजा वाटून खाण्यात. आमच्या टेबलावर आठ जण आणि बशीत पातोडीचे पाच तुकडे, वर कोथिंबिरीची काडी. जो तो दुसऱ्याकडे पाहत होता. वऱ्हाडातल्या पंगतीत वाढपी पातेलं घेऊन दोनदा फिरतो, नको म्हटलं तरी रोडगा मोडून पानात टाकतो आणि वांग्याच्या भाजीवर तेलाची धार सोडतो. तिथे कोणी मोजत नाही. इथे हात आखडता घ्यायला लावतात आणि त्याचेच पैसे लावतात. ही लूट आहे.

पण पैशाचं दुःख लहान आहे. मला छळतं ते पोरांचं. पोरांना मॉकटेल दिलं होतं, तेही मोठ्यांसारख्याच लांब दांड्याच्या ग्लासात, काठाला तशीच साखर लावून. सात-आठ वर्षांचा पोरगा बापाच्या ग्लासाला ग्लास भिडवत होता आणि बाप मोबाइलवर त्याचा फोटो काढत होता. चव नंतर येईल, सवय त्या हिरवळीवरच लागली.

१९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. प्यायला परवाना लागतो आणि विदेशी दारूसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं. त्या संध्याकाळी मिसरूड फुटलेल्या पोरांनाही कोणी काही विचारलं नाही. नाल्याकाठी मोहाची भट्टी लावणाऱ्या बाईचा सडवा मात्र पोलीस लाथेनं सांडतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि तो पाहून हेच लोक माना डोलावतात.

‘‘भाऊ, आम्ही लिमिटमध्ये घेतो, एवढ्यानं काय होते?’’ असं मला त्या टेबलावर ऐकवलं गेलं. तुमचं काही होत नसेल. तुमचा पगार एक तारखेला जमा होतो. पण त्या बारशाला खारपाणपट्ट्यातले तुमचेच चुलतभाऊ आले होते, ज्यांच्या विहिरीचं पाणी पिकालाही चालत नाही आणि ज्यांचं सगळं वर्ष एका पावसावर आहे. उद्या त्यांच्या घरी पाळणा हलेल, तेव्हा भावकी विचारेल, शहरातल्यांनी पाजली, तुम्ही का नाही? मग सोसायटीचं कर्ज थकलेलं असताना ते सावकाराकडे जातील. सण आणि कार्य कर्ज काढून करू नका, हे गाडगेबाबा जन्मभर ओरडून सांगत होते. मामाची जमीन सावकाराच्या घशात कशी जाते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

यजमान मला जवळचे आहेत. त्यांच्या तोंडावर मी हेच बोललो, ते नाराज झाले. पुढच्या पत्रिकेवर क्लबचं नाव असेल तर पाळण्यापुरता येईन. ट्रे निघाला की उठेन, आणि का उठलो ते सगळ्यांसमोर सांगून उठेन.