पन्नास रुपयांची पाली

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०८ साली धर्मानंद कोसंबींना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच, की त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. साखवळचे कोसंबी बुद्धाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पायाखाली घालून आले होते. आपल्या माणसांत काम करायला मिळावे म्हणून त्यांनी कलकत्ता विद्यापीठातली नोकरी सोडली आणि महाराजांचे मानधन घेतले.

विद्यापीठात आशियाई धर्म आणि संस्कृतींच्या अभ्यासाचा उपक्रम निघाला की पहिला प्रश्न येतो, यातून मिळणार काय? त्या ५० रुपयांचा हिशेब पाहावा.

कोसंबींनी १९१२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. त्यांचे शिष्य पु. वि. बापट चिनी शिकले. केवळ चिनी अनुवादात पूर्ण उरलेल्या 'विमुत्तिमग्ग' या बौद्ध ग्रंथाची त्यांनी पाली 'विसुद्धिमग्गा'शी तुलना केली. पुढे हिराकावा या जपानी अभ्यासकाबरोबर त्यांनी भिक्षूंच्या नियमांविषयीच्या एका चिनी विनयग्रंथाचे भाषांतर केले. ते १९७० साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने छापले.

हे काम सावकाशीचे आहे. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकी अभ्यासकाने हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेला स्वतःचा पैसा दिला आणि 'विसुद्धिमग्गा'चे संपादन हाती घेतले. १८९९ साली तो वारला. ते अपुरे काम पुरे करण्यासाठी कोसंबी चार वेळा अमेरिकेला गेले. ग्रंथ निघाला १९५० साली, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. वर्षभराच्या अनुदानावर असे ग्रंथ होत नाहीत.

म्हणूनच मदत इमारतीआधी माणसांना हवी. वर्गात तीनच विद्यार्थी असले तरी बंद न पडणारे भाषाशिक्षकाचे पद, पाच-सात वर्षांची शिष्यवृत्ती आणि हस्तलिखितांची निगा यांसाठी कायम निधी लागतो. सरकार, उद्योजक आणि माजी विद्यार्थी मिळून तो उभारू शकतात. देणगीदाराने विषय जरूर सुचवावा, निष्कर्ष मात्र अभ्यासकावर सोडावा. मठ, विहार, मदरसे आपापली परंपरा जपतातच. पाली, अर्धमागधी, फारसी आणि तिबेटी शिकणाऱ्यांना एका वर्गात बसवून एकमेकांना प्रश्न विचारायला लावणे विद्यापीठालाच जमते.

महाराष्ट्राला तर याची गरज अधिक आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग या चिनी प्रवाशाने मराठी मुलखाविषयी लिहिले ते चिनीत. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. आज हजारो घरांत त्रिशरण आणि पंचशील पालीत म्हटले जाते. अशा घरातल्या एखाद्या मुलीला उद्या तिपिटक मुळातून वाचावेसे वाटले आणि त्याचे चिनी, तिबेटी धागे शोधावेसे वाटले, तर तिला शिकवणारे गुरुजी तिच्याच विद्यापीठात असले पाहिजेत. त्यांच्या पगाराची तरतूद येत्या अर्थसंकल्पापासून सुरू करता येईल.