दाखल्याची वेबसाइट : आधी वही, मग संगणक

डिप्लोमाच्या किंवा बी.एस्सी. आय.टी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट द्यावा लागतो. पुष्कळ मुले हॉटेलची नाहीतर लायब्ररीची वेबसाइट करतात. गुण मिळाले की तिच्याकडे कोणी पाहत नाही. पेण आणि रोह्याच्या मुलामुलींनी घरादाराच्या उपयोगी पडेल अशी वेबसाइट करावी, असे आम्हांस वाटते.

विषय समोरच आहे. जातीचा दाखला आणि त्याची व्हॅलिडिटी. रोजंदारीवर जाणारा बाप दाखल्यासाठी तीनदा कचेरीत गेला, तर तीन दिवसांची मजुरी बुडते. कोणता कागद लागतो हे आधी कळले असते, तर एक फेरी पुरली असती.

वारणानगरचे उदाहरण पाहा. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडील ७० गावांत संगणक केंद्रे देण्याची योजना सुरू झाली. बेत फार मोठा होता. शेतकरी मात्र मुख्यतः आपल्या उसाचे वजन, तोडणी आणि पैसे विचारायला येत. पुढे काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले, आणि ते कमी खर्चात झाले. बोध एवढाच की, लोकांना काय हवे ते आधी विचारावे.

म्हणून पहिले आठ दिवस संगणक उघडू नका. वही घेऊन तहसील कचेरीच्या आवारात आणि सेवा केंद्राबाहेर बसा. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतील, तीच तुमची पाने.

एक पान जुन्या कागदांचे हवेच. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा ‘कुलाबा’ असतो आणि नातू गोंधळतो. कुलाबा आणि रायगड एकच. नाव १९८१ साली बदलले. १९५६ पूर्वीच्या कागदावर पूर्वीची जात, नंतरच्या कागदावर ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ लिहिलेले असते. केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. हे सगळे चार ओळींत सांगा.

दुसरे पान बाहेरून आलेल्यांसाठी. धाटावच्या कारखान्यात कामाला आलेले कुटुंब मूळचे दुसऱ्या जिल्ह्याचे असेल, तर १९५० साली पूर्वज जिथे राहत होते तिथल्या प्रांत कचेरीतून दाखला काढावा लागतो. हे न कळल्यामुळे माणूस भलत्याच दारात उभा राहतो.

आता बांधणी. साधी एचटीएमएल पाने पुरतात. मराठी युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे कोणत्याही फोनवर अक्षरे नीट दिसतील. पान आधी मोबाइलवर पाहा, कारण आपल्या घरांत बहुधा तेवढेच असते. मोठी छायाचित्रे नकोत, डेटा खर्च होतो. लोकांचे आधार क्रमांक किंवा दाखल्यांच्या प्रती मागू नका, ठेवूही नका. अर्ज शासनाच्या अधिकृत वेबसाइटवरच भरायचा, हे ठळक लिहा. प्रत्येक पानाखाली ‘ही माहिती अमुक तारखेला तपासली’ अशी ओळ द्या.

झाल्यावर फोन आईच्या हातात द्या आणि गप्प बसा. तिला हवा तो कागद सापडला नाही, तर चूक तिची नव्हे, पानाची. ते पुन्हा करा.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. नियम बदलतात, आणि जुनी माहिती माणसाला पुन्हा कचेरीची फेरी मारायला लावते. म्हणून परीक्षा संपताच वेबसाइटची किल्ली मागच्या वर्गातील विद्यार्थ्याच्या हाती द्या आणि दर जूनमध्ये पाने तपासण्याचे त्याच्याकडून कबूल करून घ्या. कॉलेजात प्रवेश सुरू होतात तेव्हाच आपल्या मुलांना या कागदांची गरज असते.