गाळाची साक्ष कृमींना विचारा



पुण्यातून वाहणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि भीमा उजनीत अडते. शहराचे सांडपाणी, काही शुद्ध केलेले, काही तसेच, तिच्यातून पुढे जाते. जड असेल ते तळाशी बसते. त्यालाच गाळ म्हणतात. हलक्या रानात गाळ पडला, तर पावसाने ओढ दिली तरी ज्वारी-कपाशी तग धरते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सरकारनेही २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. गावच्या पाझर तलावातला गाळ म्हणजे बहुधा आपल्याच रानातून वाहून गेलेली माती. तो खुशाल आणावा. पण शहराखालच्या नदीचा गाळ रानात टाकण्याआधी त्यात काय आहे, हे कोणी तपासायचे?

याचे उत्तर देणारा साक्षीदार गाळातच राहतो. सूत्रकृमी म्हटले की आपल्याला मुळांवरच्या गाठी आठवतात. पण सगळे सूत्रकृमी पिकाचे वैरी नाहीत. बहुतेक जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे. कोणी जिवाणू खातो, कोणी बुरशी, कोणी दुसऱ्या कृमींना. काही जाती कुजट घाणीतही भराभर वाढतात. काही सावकाश वाढतात आणि विषाची बाधा झाली की आधी त्याच नाहीशा होतात. कोणत्या उरल्या आणि कोणत्या गेल्या, यावरून मातीची प्रकृती मोजण्याची रीत हॉलंडच्या टॉम बोंगर्स यांनी १९९० साली मांडली. २०१० साली तर गाळ आणि मातीच्या तपासणीसाठी आंतरराष्ट्रीय मानक निघाले. नमुन्यात सूत्रकृमी सोडायचे आणि चार दिवसांनी ते किती वाढले, किती पिले झाली, ते पाहायचे. स्वच्छ मातीच्या मानाने वाढ खुंटली, तर गाळात खोट आहे.

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ साली आली. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, सामू धरून बारा रकाने आहेत. पण मातीत जिवंत काय आहे, याचा एकही रकाना नाही. नाडी न पाहताच वैद्याने प्रकृतीचा दाखला द्यावा, तसे हे झाले.

कृमी सगळेच सांगतात असे नाही. ताजे शेणखत पडले तरी घाणीत वाढणाऱ्या जाती वाढतात, आणि कोणता धातू किती, हे प्रयोगशाळेतच कळते. पण बिघाड आहे की नाही, हे ते लवकर सांगतात.

म्हणून जिल्हा बैठकीत आपण तीन मागण्या ठरावाने मांडाव्यात. शहराखालच्या नदीचा गाळ उचलण्याआधी त्याची धातूंची आणि कृमींची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. तिचा निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. आणि मृदा पत्रिकेत जिवंत मातीचा रकाना यावा.

तोवर आपले काम आपण करू. श्रावणात ओल असताना बांधापाशी आणि रानाच्या मधोमध फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा घ्या आणि दोन्हींतली गांडुळे मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा, बैठकीला आणा. घाण शहराने करायची आणि नापिकी आपण सोसायची, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.