पेंग्विनचा सातबारा

राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आले, तेव्हापासून आमच्या घरात एक वाद आहे. काका म्हणतात, "हा मूळ वेल्श शब्द. 'पेन' म्हणजे डोकं, 'ग्विन' म्हणजे पांढरं." त्यावर भाचीने काचेला नाक लावून विचारलं होतं, "पण आजोबा, याचं डोकं तर काळं आहे!"

गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असू शकतं. कारण हे नाव आधी दुसऱ्याच पक्ष्याचं होतं. उत्तर अटलांटिकमधला ग्रेट ऑक. न उडणारा, पाऊण मीटर उंचीचा, उन्हाळ्यात चोच आणि डोळ्याच्या मध्ये मोठा पांढरा ठिपका मिरवणारा. न्यूफाउंडलंडला जाणारे खलाशी त्याला पेंग्विन म्हणत. पुढे दक्षिणेकडच्या समुद्रात तसाच दिसणारा पक्षी भेटला, त्यालाही तेच नाव चिकटलं. फ्रेंच लोक आजही 'पँग्वँ' म्हणतात ते ऑकच्या कुळाला, आपल्या पेंग्विनला नाही.

वेल्श अर्थ पटण्यासारखा आहे, पण सिद्ध झालेला नाही. काही जण लॅटिनमधल्या 'पिंग्विस', म्हणजे लठ्ठ, या शब्दाकडे बोट दाखवतात. इथवर माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. १५८३ साली जॉर्ज पेकहॅम यांनी हाच शब्द पुरावा म्हणून छापला. कशाचा? तर मॅडॉक नावाचा वेल्श राजपुत्र ११७० साली अमेरिकेत पोचला होता, म्हणून त्या भूमीवर एलिझाबेथ राणीचा हक्क! एका पक्ष्याच्या नावावर अख्ख्या खंडाचा सातबारा! मॅडॉक तिथे पोचल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. आणि तिथे आधीपासून राहणाऱ्यांना विचारतो कोण?

हसू नका मंडळी. दोन शब्द सारखे वाटले की "बघा, आमचेच पूर्वज तिथे गेले होते" असे निरोप आपणही पुढे ढकलतोच की. अहो, शब्द खलाशांच्या तोंडातूनही प्रवास करतात. त्यांना राजपुत्र लागत नाही.

आणि ज्याचं नाव, त्याचं काय झालं? मांस, तेल आणि पिसांसाठी माणसांनी त्याला मारून संपवलं. शेवटची ज्ञात जोडी १८४४ साली आइसलँडजवळच्या एल्डे बेटावर मारली गेली. नावावर हक्क सांगणारे पुष्कळ, नावाचा धनी मात्र गेला.

असो. काका, रागावू नका. रविवारी जेवायला येतोय.