विस्तवाची राखण

रविवारी दुपारच्या जेवणाला सहा किलोचं ब्रिस्केट हवं असेल, तर ते शनिवारी रात्रीच जाळीवर चढवावं लागतं. भट्टीतली हवा ११० ते १२० अंश सेल्सिअस, त्या हवेत मांसाचे बारा-चौदा तास, कधी त्याहूनही जास्त, आणि उतरवल्यावर निदान दोन तासांचा विसावा. म्हणजे रात्रभर कुणीतरी विस्तव राखायचा. टेक्सासात, ऑस्टिनजवळच्या आमच्या वस्तीत ही राखण काही घरांत अजून माणसं करतात. आमच्या परसात ती मुठीएवढा एक पंखा करतो, आणि ते काम त्याच्या हाती देण्यात मला काहीही गैर वाटत नाही. फक्त रात्रीचा कुठला भाग त्याचा आणि कुठला आपला, हे नीट कळलं पाहिजे.

ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचं, पुढच्या दोन पायांमधलं मांस. गुरांना हासळीचं हाड नसतं, त्यामुळे पुढच्या धडाचा भार छातीच्या स्नायूंवर येतो. जनावर उभं असो की चालत असो, हे स्नायू राबतच असतात. त्यांत कोलॅजन ठासून भरलेलं. झटपट भाजलं तर चावता चावता जबडा दुखेल. पण हेच कोलॅजन सत्तर अंशांच्या पुढे तासन्‌तास राहिलं की विरघळून त्याचं जिलेटिन होतं, आणि चिवट मांस बोटानं सुटावं इतकं मऊ पडतं. मध्य टेक्सासात आलेल्या जर्मन आणि चेक लोकांनी आपल्या मांसाच्या दुकानांमागे धुराच्या भट्ट्या घातल्या आणि तिथून ही परंपरा वाढली. लॉकहार्ट गावातलं क्राइट्झ मार्केट १९०० सालचं, टेलर गावातली ‘लुई म्युलर’ ही खानावळ १९४९ सालची. मसाला म्हणाल तर जाडं मीठ आणि भरड मिरी. लाकूड पोस्ट ओकचं. खायला खाटकाच्या कागदावर काप, सोबत लोणच्यातली काकडी, कांदा आणि साधा पांढरा पाव.

मी वसईचा. आमच्या ख्रिस्ती घरात गोमांस शिजायचं, म्हणून इथल्या जेवणाशी माझं लवकर जुळलं. इथल्या मराठी मित्रमंडळींत ते न खाणारे बरेच आहेत. त्यांना बोलवायचं असलं की भट्टी घासूनपुसून तिच्यावर डुकराचा खांदा लावतो. त्यातही कोलॅजन भरपूर आणि वेळही भरपूर लागतो, तेव्हा पुढचं जवळजवळ सगळं त्यालाही लागू आहे.

आता पंख्याविषयी. कोळशाला जितकी हवा तितकीच धग. भट्टीच्या तळाची हवेची भोकं एक सोडून सगळी बंद करायची आणि त्या एका भोकावर पंखा बसवायचा. आत न पेटलेल्या कोळशाचा ढीग, त्यावर थोडेच पेटते निखारे. आग ढिगात हळूहळू पसरत जाते आणि रात्रभर पुरते. स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या जिम मिनियन यांच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. तापमान मोजणाऱ्या सळया दोन: एक जाळीवर चिमट्यानं लावलेली, दुसरी मांसाच्या पोटात. जाळीवरची सळई मांसापासून तीन-चार बोटं लांब हवी. थंड मांसाभोवती थंड हवेचं वेष्टण असतं आणि सळई त्यात अडकली तर भट्टी खरी आहे त्याहून थंड भासते. सळयांची वायर एका छोट्या डबीत जाते, आणि डबी ठरवते पंखा किती फिरवायचा. थोडक्यात, विजेवर चालणारी फुंकणी.

पण फुंकायचं किती आणि कधी थांबायचं, यातच सगळी मेख आहे. थंड झालं की फुंक, गरम झालं की थांब, एवढंच डबीला ठाऊक असतं तर भट्टी रात्रभर वरखाली होत राहिली असती. कारण पंखा थांबला तरी पेटलेला कोळसा लगेच विझत नाही. म्हणून या डब्यांमध्ये तीन प्रश्न एकदम विचारले जातात. आत्ता लक्ष्यापासून किती लांब आहोत? गेल्या काही वेळात सतत थोडं थोडं कमी पडत आलोय का? आणि आत्ता चढण्याचा किंवा उतरण्याचा वेग काय आहे? तिन्ही उत्तरांची बेरीज करून पंख्याला हुकूम जातो. अभियंते याला पीआयडी नियंत्रण म्हणतात. कारखाना, जहाज, विमान, जिथे काही स्थिर ठेवायचंय तिथे हे गणित सापडतं.

हे गणित आलं कुठून, ते मला फार मोलाचं वाटतं. निकोलस मिनोर्स्की हे रशियन नौदलातले अभियंते पुढे अमेरिकेत आले. जहाजाचं सुकाणू आपोआप कसं धरावं, यावर त्यांनी १९२२ साली निबंध लिहिला. सुकाणूवरचा अनुभवी माणूस काय करतो, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं होतं. तो माणूस जहाज दिशेपासून किती ढळलंय एवढंच बघत नाही. वारा मघापासून एकाच बाजूला ढकलतोय हे त्याच्या लक्षात असतं, आणि जहाज वेगानं वळू लागलं तर ते दिशेवर येण्याआधीच तो सुकाणू सैल करतो. मिनोर्स्कींनी ही जाण समीकरणात उतरवली, आणि ‘न्यू मेक्सिको’ या अमेरिकन युद्धनौकेवर तिची चाचणी झाली. आपल्या परसातली डबी माणसाचं काम हिरावते, असं कुणी म्हटलं की मला हा सुकाणूवरचा माणूस आठवतो. डबीत जे शहाणपण आहे ते एका जागत्या माणसाचंच आहे.

आग स्वतःच आवरण्याची युक्ती तर याहूनही जुनी. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसानं अशी भट्टी बनवली होती की उष्णतेनं द्रव फुगून पारा वर चढे, पारा एक दांडी उचले आणि दांडी हवेची झडप बंद करी. थंड झालं की उलट. अंडी उबवायला ती वापरता येई.  आज कुणाला डबी घरी जुळवायची असेल तर ब्रायन मेलंड यांनी ‘हीटरमीटर’ नावाच्या नियंत्रकाचे आराखडे आणि आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवली आहे. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक तिच्या पोटात बसतो. ज्याला सोल्डरिंग येत असेल त्याला ते जमण्यासारखं आहे.

एक मर्यादा सुरुवातीलाच ध्यानात ठेवावी. पंखा धग वाढवू शकतो, काढून घेऊ शकत नाही. भट्टी एकदा दीडशेवर गेली की पंखा बंद करून वाट बघण्यापलीकडे त्याच्या हाती काही नसतं, आणि जाड चिनी मातीची भट्टी असली तर ती वाट फार लांबते. म्हणून लक्ष्याकडे खालून, सावकाश जायचं. भट्टीला फटी असल्या तर पंखा थांबला तरी हवा आत शिरते; त्या आधी बुजवायच्या. आणि झाकण उघडायचं नाही. उघडलं की सळईला एकदम थंड लागतं, डबीला वाटतं आग मेली, ती जोरात फुंकते. उघड्या झाकणातून कोळशाला हवा मिळतेच आहे, वर ही फुंक. झाकण लावल्यावर पारा उसळतो. चांगल्या डब्या असा अचानक उतार ओळखतात आणि थोडा वेळ पंखा रोखून धरतात. तापमानानं ठरवलेली मर्यादा ओलांडली की फोनवर गजर वाजतो, म्हणून फोन उशाशी असावा. भट्टी मात्र उघड्यावरच, घरापासून लांब. गॅरेजचं दार उघडं आहे म्हणून तिथे लावणं नको. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याला वास नसतो.

मध्यरात्रीनंतर सगळ्यात अवघड वेळ येते. मांसाच्या पोटातलं तापमान पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत नेमानं चढतं आणि मग थांबतं. तास जातो, दोन जातात, कधी चार-पाच, आकडा हलत नाही. इथले लोक याला ‘स्टॉल’ म्हणतात. फार वर्षं समज होता की सगळी उष्णता कोलॅजन विरघळवण्यात खर्च होते. ग्रेग ब्लाँडर या भौतिकशास्त्रज्ञानं प्रयोग करून दाखवलं की कारण साधं आहे: मांसातून पाणी पृष्ठभागावर येतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती मांसाला थंड करते. त्यानं भट्टीत ओला स्पंज ठेवला, तोही तसाच अडून बसला. चरबीचा गोळा ठेवला, तो न थांबता तापत गेला. घाम येऊन अंग निवतं, तसंच हे. पृष्ठभाग सुकला की आकडा पुन्हा चालू लागतो. घाई असेल तर मांस फॉइलमध्ये किंवा ऑस्टिनच्या एरन फ्रँकलिन यांनी लोकप्रिय केलेल्या गुलाबी कागदात गुंडाळायचं, म्हणजे वाफ अडते.

पहाटे तीनला जागा असलेला माणूस हा अडलेला आकडा बघून अस्वस्थ होतो, झडप उघडतो, कोळसा वाढवतो. डबी यातलं काही करत नाही, कारण तिच्यावर भट्टीच्या हवेची जबाबदारी आहे, मांसाच्या आकड्याची नाही. रात्रीच्या या मधल्या तासांत ठरवण्यासारखं खरोखर काहीच नसतं. हवा एका पातळीवर राहिली पाहिजे, बस. या वेळी माणसानं झोपावं. माझी बायको रुग्णालयात रात्रपाळीला असते, आणि घरात लहान मुलं आहेत ज्यांना सकाळी जागा, शांत बाप लागतो. डबी नसती तर आमच्या घरात ब्रिस्केट झालंच नसतं.

सुरुवात मात्र माझी. कोळसा पेटला, वर ओकचे तुकडे टाकले की आधी दाट पांढरा धूर येतो. तो मांसाला लागला तर कडू राखेची चव बसते. तो विरून पातळ, निळसर होईपर्यंत मांस आत जाता कामा नये. डबीला हे दिसत नाही. तिच्या दृष्टीनं ११० अंश म्हणजे ११० अंश, धूर कुठलाही असो. शिवाय कापात कडेला जी गुलाबी रेघ दिसते ती याच पहिल्या तासांत ठरते. जळणातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड ओल्या पृष्ठभागात उतरतो आणि मांसातल्या मायोग्लोबिनला धरून त्याचा रंग टिकवतो. मांस तापून रंग पालटला की दार बंद. म्हणून मांस फ्रिजमधून थेट थंडगार चढवायचं, आणि पहिले काही तास धुराकडे डोळा ठेवून बसायचं.

शेवटही माझाच. आकडा नव्वदच्या पुढे गेला की मी सळई निरनिराळ्या जागी टोचून बघतो. सगळे ९५ हा आकडा सांगतात, पण एक ब्रिस्केट ९२ ला तयार होतं, दुसरं ९७ ला. सळई लोण्यात जावी तशी अडथळ्याविना गेली पाहिजे, आणि तीही पातळ भागाच्या मध्यावर. चरबीदार जाड भाग तर नेहमीच आधी मऊ पडतो.

आमचे शेजारी या डबीच्या विरोधात आहेत. तेलविहिरीच्या जुन्या पाइपातून त्यांनी स्वतः भट्टी जोडली आहे, बाजूला लाकडाची पेटी असलेली. दर पाऊण तासाला ते एक ओंडका घालतात, रात्रभर. त्यांचं म्हणणं, भट्टीत ज्वाळा हवी, आणि डबी तर आगीला हवेवाचून तंगवून ठेवते. धुराच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे. मोकळ्या हवेत ज्वाळेनं जळणाऱ्या लाकडाचा धूर स्वच्छ असतो, आणि त्यांचं ब्रिस्केट माझ्यापेक्षा चांगलं होतं, यात शंका नाही. लेक्सिंग्टन गावातल्या ‘स्नोज’ या खानावळीत, जी फक्त शनिवारी उघडते, १९३५ साली जन्मलेल्या टूट्सी टोमानेट्झ यांनी म्हातारपणीही फावड्यानं निखारे ओढले आहेत. तिथे मी रांगेत उभा राहून खाल्लंय. असल्या हाताची जागा डबी घेईल असं मी कधीच म्हणणार नाही. पण तो हात ज्याच्याकडे नाही, ज्याला रात्र मोकळी नाही, त्यानं हे जेवण विकतच आणावं, हे मला मान्य नाही.

उतरवल्यावर ब्रिस्केट कागदात गुंडाळून, वर जुने टॉवेल लपेटून बर्फाच्या रिकाम्या पेटीत ठेवायचं, दोन तास तरी. साठ अंशांखाली ते जाऊ द्यायचं नाही. कापताना सुरी तंतूंना आडवी चालवायची, काप पेन्सिलीएवढा जाड. त्यात दोन स्नायू एकमेकांवर आहेत आणि त्यांच्या तंतूंची दिशा वेगळी, म्हणून जाड भागाशी पोचलं की मांस वळवून घ्यायचं. पहिले काप कुंपणापलीकडे जातात. मागच्या खेपेला शेजारी म्हणाले, मऊ झालंय, पण धूर कमी पडला. त्यांच्या मते माझा ओक नीट वाळलेला नाही. आता लाकूड त्यांच्या ढिगातलं घेणार आहे.